डोळ्याला सारखंच दिसतंय, मग हॅश का जुळत नाही?

गेल्या महिन्यात आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांचा रात्री साडेदहाला फोन. पार्किंगमध्ये कुणीतरी कुणाची तरी गाडी ठोकली होती, प्रकरण वकिलांपर्यंत गेलं होतं आणि सीसीटीव्हीचं फूटेज द्यायचं होतं. वकिलांनी एक सर्टिफिकेटचा फॉर्म पाठवला आणि त्यात एक रकाना होता, हॅश व्हॅल्यू. काका म्हणाले, "अरे, ही व्हॅल्यू म्हणजे काय लिहायचं? फाइलची किंमत विचारतायत का?"

काकांचं काही चुकलं नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्याच्या कलम ६३ प्रमाणे व्हिडिओ, चॅट, ईमेल असं काही कोर्टात द्यायचं तर सोबत सर्टिफिकेट लागतं आणि त्या नमुन्यात फाइलचा हॅश लिहायचा असतो, कुठल्या पद्धतीने काढला तेही सांगायचं असतं, एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी५ की अजून काही. म्हणजे जी गोष्ट इतकी वर्षं आम्हा प्रोग्रॅमर लोकांच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पडून होती ती आता सोसायटीच्या ऑफिसातल्या टेबलावर आलीय. आणि खरं सांगायचं तर रोज हॅश वापरणारे डेव्हलपरही जिथे अडकतात तो प्रश्न काकांच्या प्रश्नापासून फार लांब नाही, म्हणून दोघांसाठी एकत्रच लिहितोय.

हॅश म्हणजे नक्की काय

कॉम्प्युटरला फोटो, गाणं, कविता, कोड असं काही कळत नाही, त्याच्यासाठी सगळं म्हणजे बाइट्स, ० ते २५५ मधल्या आकड्यांची लांबच लांब रांग. हॅश फंक्शन ही अशी रीत आहे की ती ही आख्खी रांग, दोन अक्षरांची असो की दोन जीबीची, ठरलेल्या पद्धतीने घुसळते आणि शेवटी ठरलेल्या लांबीचं एक छोटं उत्तर देते. या उत्तरालाच हॅश म्हणतात किंवा डायजेस्ट म्हणतात, दोन्ही एकच. एसएचए-२५६, ज्याला बोलताना सगळे शा-२५६ म्हणतात, त्याचं उत्तर नेहमी ६४ अक्षरांचं, शा-१ चं ४० आणि एमडी५ चं ३२. यात ० ते ९ आकडे आणि इंग्रजी ए ते एफ एवढीच अक्षरं येतात.

दोन गुण महत्त्वाचे. पहिला, तेच बाइट्स दिले की तेच उत्तर, मग मशीन कुठलंही असो, आज काढा नाहीतर दहा वर्षांनी काढा. दुसरा, एक स्वल्पविराम जरी बदलला तरी उत्तर थोडंसं नाही, पूर्ण बदलतं, सरासरी अर्धे बिट, म्हणजे उत्तरातले ० आणि १, पलटतात. त्यामुळे दोन हॅश बघून फाइली किती वेगळ्या आहेत हे कळत नाही, वेगळ्या आहेत एवढंच कळतं.

मग हे एन्क्रिप्शनच झालं ना?

नाही, आणि हा गोंधळ इंटरव्ह्यूला येणारी मुलंही करतात. एन्क्रिप्शन म्हणजे कपाटाला कुलूप, किल्ली असेल तर आतलं सामान जसंच्या तसं बाहेर. हॅश म्हणजे गिरणीतून दळून आणलेली भाजणी. त्या पिठातून परत चणाडाळ वेगळी, तांदूळ वेगळे, बाजरी वेगळी असं कुणी काढू शकत नाही, किल्लीचा प्रश्नच नाही. पण तेच धान्य, त्याच प्रमाणात, तसंच भाजून दळलं तर तेच पीठ येणार आणि त्यावरून तुम्ही म्हणू शकता की हो, धान्य तेच होतं. २००० सालच्या आपल्या आयटी कायद्याच्या कलम ३ मध्येही हॅशचं वर्णन असंच आहे, दर वेळी तेच उत्तर यावं, उत्तरावरून मूळ रेकॉर्ड काढणं शक्य नसावं आणि दोन वेगळ्या रेकॉर्डचं एकच उत्तर येऊ नये.

काकांचा हॅश का जुळला नाही

काकांनी फूटेज डीव्हीआरवरून, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यावरून, पेनड्राइव्हवर घेतलं होतं, तिथून लॅपटॉपवर, आणि वकिलांना पाठवलं व्हॉट्सॲपवर. मी लॅपटॉपवरच्या फाइलचा शा-२५६ काढला, विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड आधीच असते, लिनक्सवर शा२५६सम. वकिलांच्या ऑफिसातल्या मुलाने त्याच्याकडच्या फाइलचा काढला. दोन्ही वेगळे. काका घाबरले, कुणी फूटेजमध्ये फेरफार केला की काय.

फेरफार कुणी केला नव्हता. व्हॉट्सॲप व्हिडिओ पाठवताना तो दाबून लहान करतं, नवीन फाइल बनवतं. चित्र तेच, तीच गाडी, तोच खांब, पण बाइट्स सगळे वेगळे. तीच फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली आणि हॅश जुळला. फाइलचं नाव बदललं तर हॅश बदलत नाही, पेनड्राइव्हवरून कॉपी केली तरी बदलत नाही, नुसती उघडून बघितली तरीही नाही. बदलतो तो आतला मजकूर बदलला की.

आणि हॅश जुळला म्हणजे फूटेज खरं आहे असंही नाही बरं का. हॅश एवढंच सांगतो की ज्या क्षणी तो काढला तेव्हापासून या फाइलीला हात लागलेला नाही. त्याआधी काय झालं याबद्दल तो काहीही बोलत नाही, म्हणून डीव्हीआरवरून काढल्या काढल्याच हॅश काढून ठेवावा, आठवड्याने वकिलांनी मागितल्यावर नाही.

डेव्हलपरकडे रोज येणारी भानगड

आता आमच्याकडची गोष्ट. "माझा कोड बरोबर आहे, समोरचा हॅश चुकीचा पाठवतोय", हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय आणि सुरुवातीला स्वतःही इतक्यांदा म्हटलंय. जवळजवळ दर वेळी हॅश बरोबरच असतो आणि दोन बाजूंना घुसळायला दिलेले बाइट्स वेगळे असतात.

करून बघा. लिनक्सच्या टर्मिनलवर इको कमांडने इंग्रजीत छोट्या लिपीत हेलो लिहून शा-२५६ काढा, उत्तर ५८९१बी५बी५ असं सुरू होईल. तेच पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत काढा, २सीएफ२४डीबीए असं सुरू होईल. दोन्ही बरोबर. इको शेवटी गुपचूप एंटर टाकतं, म्हणजे पाच नाही सहा बाइट्स गेले. इकोला मायनस एन दिलं की जुळतं.

एंटरचा अजून एक प्रकार. लिनक्सवर ओळ संपली की एक बाइट, विंडोजवर दोन. गिट, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल, विंडोजवर फाइल उतरवताना हे बदलून देऊ शकतं, त्यामुळे दोघांच्या लॅपटॉपवर तोच कोड, तीच कमिट म्हणजे तीच आवृत्ती आणि तरी कॉन्फिग फाइलचा हॅश वेगळा. एक्सेलमधून यूटीएफ-८ (अक्षरांचे बाइट्स करायची एक पद्धत) सीएसव्ही काढली की सुरुवातीला तीन न दिसणारे बाइट्स येतात, ते वेगळंच. जेसनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम एकमेकांना माहिती ज्या मजकुराच्या रूपात पाठवतात त्यात, फील्डची नावं कुठल्या क्रमाने लिहिली, मध्ये स्पेस आहे का, यानेही फरक पडतो, कारण जेसनचा अर्थ सारखा असला तरी हॅशला अर्थाशी काही देणंघेणं नाही.

कधी कधी उत्तरच खूण देतं. शा-२५६ चं उत्तर ई३बी०सी४४२ असं सुरू झालं किंवा एमडी५ चं डी४१डी८सीडी९ असं, तर शोधाशोध थांबवा, तो रिकाम्या इनपुटचा हॅश आहे. म्हणजे फाइल रिकामी होती किंवा, आणि हे जास्त होतं, स्ट्रीम, म्हणजे एकदाच वाचता येणारा डेटाचा ओघ, आधीच कुणीतरी वाचून संपवली होती आणि तुम्ही शिल्लक राहिलेलं काहीच नाही ते हॅश केलंत. माझ्या टीमला मी या दोन्ही सुरुवाती पाठच करायला लावल्यात.

लांबीही बघा. ६४ ऐवजी ६३ अक्षरं आली तर सुरुवातीचं शून्य गळलंय, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत बिगइंटिजरमधून, म्हणजे मोठ्या आकड्यातून, हेक्स (० ते ९ आणि ए ते एफ अशी लिपी) काढणाऱ्या जुन्या कोडमध्ये हे हमखास होतं आणि साधारण सोळात एकदाच होतं, म्हणून टेस्टिंगमध्ये सापडत नाही आणि प्रॉडक्शनला बरोब्बर शुक्रवारी संध्याकाळी येतं. ४४ अक्षरं आणि शेवटी बरोबरचं चिन्ह असेल तर तो बेस६४ मध्ये लिहिलेला तोच हॅश आहे, बाइट्स तेच, लिहिण्याची लिपी वेगळी. आणि एकाने कॅपिटलमध्ये, दुसऱ्याने स्मॉलमध्ये लिहिला असेल तर स्ट्रिंग म्हणजे नुसता मजकूर म्हणून तुलना फसणारच.

वर्गणीच्या पावतीची गोष्ट

हे मात्र सविस्तर सांगतो, कारण यात माझे दोन तास गेले आणि त्यातून जे कळलं ते मराठी मजकुरावर काम करणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी आहे. आमच्या गणपती मंडळासाठी मी पावत्यांचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, जावामध्ये. एकाच माणसाची पावती चुकून दोनदा फाटू नये म्हणून नाव, रक्कम आणि तारीख जोडून त्याचा शा-२५६ काढायचो, तो आधीच यादीत असेल तर डुप्लिकेट म्हणून नाकारायचा. माझ्या लॅपटॉपवर महिनाभर उत्तम चाललं. मग मंडळाच्या ऑफिसातल्या जुन्या विंडोज मशीनवर टाकलं. पहिल्याच संध्याकाळी महेशची ५०१ ची पावती फाटली, मागोमाग गणेश आला, त्याचेही ५०१, आणि प्रोग्रॅम म्हणाला डुप्लिकेट. पावती पुस्तकावर बसलेला मुलगा माझ्याकडे बघतोय, गणेश माझ्याकडे बघतोय, मागे रांग.

दोन वेगळ्या नावांचा शा-२५६ एकच येणं म्हणजे जगात आजवर कुणाला न सापडलेली गोष्ट, ती काय आमच्या मंडपात सापडणार नव्हती. मग हॅश बाजूला ठेवला आणि हॅश फंक्शनला दिलेले बाइट्सच छापून बघितले. महेशचे बाइट्स ६३, ६३, ६३, ६३. गणेशचे ६३, ६३, ६३, ६३.

६३ म्हणजे प्रश्नचिन्ह. जावामध्ये स्ट्रिंगचे बाइट्स मागताना मी एन्कोडिंग सांगितलंच नव्हतं, म्हणजे अक्षरांचे बाइट्स कुठल्या तक्त्याप्रमाणे करायचे ते. न सांगितलं तर जुनं जावा त्या मशीनचा तक्ता वापरतं. माझ्या मशीनवर तो यूटीएफ-८ होता, विंडोजवर तो पश्चिम युरोपातल्या भाषांचा, त्यात देवनागरी नाहीच, मग प्रत्येक अक्षरचिन्हाच्या जागी एक प्रश्नचिन्ह. म ह एकारमात्रा श, चार. ग ण एकारमात्रा श, चार. झाले दोघे एकच माणूस. कोडमध्ये यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलं, प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट्स आले, दोन्ही नावांचे बारा बारा आणि वेगवेगळे, आणि गणेशला पावती मिळाली. २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट आहे, पण आपल्याकडे जावा ८ वर चालणारी सिस्टिम काही कमी नाहीत. पायथॉन या बाबतीत शहाणं, ते सरळ एरर देतं की आधी एन्कोड करा मग हॅशिंगला द्या, आणि लोक त्यावर वैतागतात, पण तो एरर तुमचा मित्र आहे.

यूटीएफ-८ केलं, आता तरी मराठी सुटलं?

अर्धंच. मराठीत डोळ्याला एकसारखी दिसणारी अक्षरं दोन प्रकारे टाइप होतात. कऱ्हाड घ्या. त्यातला तो अर्धा र काही कीबोर्ड वेगळ्या नुक्तावाल्या (खाली टिंब असलेल्या) ऱ ला हलंत, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, जोडून बनवतात आणि काही कीबोर्ड साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. स्क्रीनवर काडीचा फरक नाही, बाइट्स वेगळे, हॅश वेगळा. तसंच ॲप, ॲड्रेस यातला ॲ. २००८ पासून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या यादीत, त्याला स्वतःची जागा आहे, पण आजही भरपूर लोकांचं टायपिंग अ वर चंद्र ठेवून होतं.

इथे जाणकार म्हणतील की नॉर्मलाइज करा. म्हणजे युनिकोडने सांगितल्याप्रमाणे एकाच अर्थाची दोन रूपं असतील तर त्यांचं एक ठरलेलं रूप करून घ्यायचं. करा, जरूर करा, र खाली वेगळा नुक्ता दिलेला असेल तर तो त्याने सरळ होतो. पण वरची दोन्ही उदाहरणं, जोडचिन्हाचा र आणि चंद्राचा ॲ, नॉर्मलाइज करूनही एक होत नाहीत, कारण युनिकोड त्यांना समान मानतच नाही. ते नियम तुम्हालाच लिहावे लागतात, हॅश काढायच्या आधी. मराठी नावांवर हॅश काढून रेकॉर्ड जुळवणारं कुठलंही सॉफ्टवेअर हे न करता चालवलं तर कऱ्हाडचा माणूस कधी ना कधी दोनदा दिसणारच, किंवा सापडणारच नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण भाषा आपली, माणसं आपली, आणि हे तपासायला कुणी बसत नाही.

पेमेंटवाले म्हणतात हॅश मिसमॅच

पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा, जोडताना बहुतेक ठिकाणी काही ठरलेली फील्ड ठरलेल्या क्रमाने जोडून, सोबत एक गुपित घालून हॅश काढायचा असतो. इथे क्रम चुकला, मधलं एखादं रिकामं फील्ड वगळलं, ५०१ च्या जागी ५०१.०० गेलं, टेस्टचं गुपित लाइव्हला वापरलं, की मिसमॅच. हॅश घेऊन सपोर्टशी भांडू नका, हॅश काढायच्या आधीची जोडलेली स्ट्रिंग, गुपित झाकून, एका ओळीत छापा आणि डॉक्युमेंटशी एकेक अक्षर लावून बघा. आणि गेटवे तुम्हाला मेसेज पाठवतो, ज्यावर त्याची सही, म्हणजे असाच गुपित घालून काढलेला हॅश, असते, ती तपासताना आलेला मजकूर कच्चा जसा आला तसाच वापरा. बहुतेक फ्रेमवर्क तो आधी जेसन म्हणून वाचून टाकतात, तुम्ही तो परत लिहून काढता, मधल्या स्पेस बदलतात, आणि सही जुळत नाही.

दोन वेगळ्या फाइलींचा हॅश खरंच एक आला तर?

येऊ शकतो. फाइली अगणित, उत्तरं मोजकी, म्हणजे कुठेतरी दोघांचं उत्तर एक असणारच. याला कोलिजन म्हणतात. आणि कोलिजन आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर येतं. लोकलच्या डब्यात फक्त २३ माणसं असली तरी त्यातल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. पण शा-२५६ मध्ये उत्तरांची संख्याच ७८ आकडी आहे, तिथे आपोआप कोलिजन होईल याची काळजी करू नका.

मुद्दाम घडवलेलं कोलिजन ही वेगळी गोष्ट. एमडी५ रॉन रिव्हेस्ट यांनी १९९१ मध्ये बनवला, २००४ मध्ये शियाओयुन वांग आणि सहकाऱ्यांनी त्याची कोलिजन काढून दाखवली. शा-१ चं २०१७ मध्ये झालं, गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेने दोन वेगळ्या पीडीएफ दाखवल्या ज्यांचा शा-१ एकच. तुमच्या आधीपासून असलेल्या फाइलीशी जुळणारी दुसरी फाइल बनवणं एमडी५ मध्येही अजून प्रत्यक्षात जमत नाही, पण दोन्ही फाइली एकाच माणसाच्या हातात असतील तर तो जोडी बनवू शकतो. म्हणून डाउनलोड अर्धवट झालं का हे बघायला एमडी५ चालेल, करार, पुरावा, सही यांना नाही. कोर्टाच्या नमुन्यात तिन्ही नावं असली तरी मी काकांना शा-२५६ च लिहायला सांगितलं.

आणि नावात हॅश आहे म्हणून सगळं एकच समजू नका. जावाचा हॅशकोड हा फक्त यादीत पटकन शोधायला केलेला छोटा आकडा आहे. मराठीतलंच उदाहरण, "दे" आणि "धन" या दोन शब्दांचा जावा हॅशकोड एकच येतो, ७४९७७. करून बघा, पहिल्या चिन्हाच्या कोडला ३१ ने गुणायचं आणि दुसऱ्याचा कोड मिळवायचा. तसाच पायथॉनचा आतला हॅश, तो स्ट्रिंगसाठी २०१२ च्या ३.३ व्हर्जनपासून प्रत्येक वेळी प्रोग्रॅम सुरू केला की बदलतो, मुद्दामच. एका मुलाने तो डेटाबेसमध्ये साठवला होता आणि सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर एकही रेकॉर्ड सापडेना.

मोबाइल नंबर हॅश करून ठेवला की गुपित राहिला ना?

नाही, आणि हे सगळ्यात धोक्याचं, कारण लोक मनापासून हे बरोबर समजून करतात. पीठ परत धान्य होत नाही हे खरं, पण धान्याचे प्रकार मोजकेच असतील तर मी प्रत्येक प्रकार दळून तुमच्या पिठाशी जुळवून बघू शकतो. आपले मोबाइल नंबर १० आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी. साध्या लॅपटॉपवर पायथॉनमध्ये एका कोअरवर सेकंदाला दहा लाखांच्या आसपास शा-२५६ निघतात, म्हणजे सगळे नंबर ४,००० सेकंदांत, विरारची फास्ट चर्चगेटला पोचायच्या आत. चांगल्या ग्राफिक्स कार्डला काही सेकंद पुरतात. आधारचा १२ आकडी नंबर घेतला तरी गोष्ट मिनिटांची.

पासवर्डचं तेच, लोकांचे पासवर्ड अंदाज करता येतील असेच असतात, आणि शा-२५६ वेगवान आहे हा इथे त्याचा दोष ठरतो. म्हणून पासवर्डला मुद्दाम संथ केलेल्या पद्धती वापरतात, १९९९ चं बीक्रिप्ट किंवा २०१५ ची पासवर्ड हॅशिंग स्पर्धा जिंकलेलं आर्गॉन२. त्या प्रत्येक पासवर्डमध्ये वेगळं मीठ, म्हणजे वेगळे यादृच्छिक बाइट्स घालतात, मग दोघांचा पासवर्ड एक असला तरी हॅश वेगळा. मोबाइल नंबरवरून रेकॉर्ड जुळवायचंच असेल तर मीठ असं वेगवेगळं ठेवून चालत नाही, तिथे एचमॅक वापरा, म्हणजे गुप्त किल्ली घालून काढलेला हॅश, आणि ती किल्ली डेटाबेसपासून लांब ठेवा, नाहीतर चोराला दोन्ही एकत्रच मिळणार.

मंडळाच्या शेअर केलेल्या शीटमध्ये देणगीदारांच्या मोबाइल नंबरांच्या हॅशचा एक कॉलम मीच ठेवला होता, नंबर दिसत नाहीत म्हणून. हा हिशोब वहीत मांडल्यावर तो कॉलम त्याच रात्री काढून टाकला, आणि शीटच्या जुन्या कॉपी कुणाकुणाकडे गेल्यात त्या प्रत्येकाला फोन करून डिलीट करायला सांगितलं.